मुंबई ते न्यूअर्क: अंतर किती, उड्डाण किती तासांचं आणि घर ते घर प्रवास किती, हिशेब पायरीपायरीनं

मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीला, आईवडील पहिल्यांदाच निघालेत, तिकीट हातात आहे, आणि घरात प्रत्येकाचा आकडा वेगळा. कुणी म्हणतं सोळा तास, कुणी म्हणतं चोवीस. कुणी तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून सांगतं, साडेपाच तासांत पोचाल. गोंधळाचं मूळ एकच आहे. आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो: दोन विमानतळांमधलं अंतर, विमानाचा गेट ते गेट वेळ, आणि घराच्या उंबऱ्यापासून पलीकडच्या घराच्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ. हे तीन आकडे वेगवेगळे काढायचे, आणि याच क्रमानं काढायचे. क्रम बदलला की चूक होतेच.

उदाहरण मुंबई ते न्यूअर्क घेतलं आहे, कारण आपल्याकडची बरीच मंडळी न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या गावांत उतरतात. तुमचा प्रवास दुसरीकडचा असला तरी पद्धत हीच.

## तयारी: हे आधी कागदावर घ्या

एक कोरा कागद घ्या. मोबाइलवर करू नका. हा कागद पुढे प्रवासात सोबत न्यायचा आहे. त्यावर लिहा:

- दोन्ही विमानतळांची पूर्ण नावं आणि तीन अक्षरी कोड
- दोन्हींचे अक्षांश-रेखांश
- प्रवासाच्या तारखेला दोन्ही ठिकाणची घड्याळं यूटीसीच्या (म्हणजे सगळ्या जगाची घड्याळं जिच्यावरून मोजतात त्या प्रमाण वेळेच्या) किती पुढे किंवा मागे आहेत
- तिकिटावरच्या सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा, तारखांसकट
- मध्ये थांबा असेल तर त्याही विमानतळाची हीच सगळी माहिती

शेजारी एक पृथ्वीगोल असेल तर उत्तम. मुलांचा शाळेतला छोटा गोलही चालतो.

## टप्पा १: विमानतळ नक्की कोणता, ते ठरवा

हे फालतू वाटेल, पण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. ‘न्यूयॉर्क’ असं शोधलं की तीन विमानतळ समोर येतात: जॉन एफ. केनेडी म्हणजे जेएफके, लाग्वार्डिया म्हणजे एलजीए आणि न्यूअर्क म्हणजे ईडब्ल्यूआर. एडिसनला जायचं असेल तर न्यूअर्क सोयीचं, कारण ते न्यू जर्सीतच आहे. जेएफकेला उतरलात तर अख्खं न्यूयॉर्क शहर ओलांडून यावं लागतं. विमानाच्या अंतरात दोन्हींचा फरक नगण्य, जमिनीवर मात्र तास-दोन तासांचा.

आपल्या बाजूलाही आता हाच प्रश्न आहे. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. गोव्यात दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. सातारा-कोल्हापूरकडून येणाऱ्याला नवी मुंबई आणि सहार (म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ) यांत वाहतुकीमुळे मोठा फरक पडतो, त्यामुळे तिकीट काढणाऱ्याला शहराचं नाव सांगून थांबू नका, कोड सांगा.

सारख्या नावाची गावंही घात करतात. बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे (बीएचएक्स), तसंच अमेरिकेतल्या अलाबामातही (बीएचएम). पोर्टलंड ओरेगनमध्ये (पीडीएक्स) आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला मेनमध्येही (पीडब्ल्यूएम). सॅन होजे कॅलिफोर्नियात (एसजेसी) आणि कोस्टारिकातही (एसजेओ).

तपासा: ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांना कोड पाठवा आणि “हाच ना?” असं विचारून घ्या. उत्तर लेखी घ्या.

## टप्पा २: अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूअर्क यांच्यात पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. ती रेघ विसरा. सपाट कागदावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळचा रस्ता नसते.

गोल घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूअर्कवर धरून दोरा ताणा. तो वायव्येलाही नाही, त्याहूनही उत्तरेकडे वळून निघतो: पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, मग फिनलंड, स्कँडिनेव्हिया, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडातून खाली. सर्वांत वर तो जवळपास ६५ अंश उत्तरेला पोचतो. मुंबई १९ अंशांवर, न्यूअर्क ४१ च्याही आत, तरी वाट ६५ अंशांवरून. या मार्गाला बृहद्‌वृत्त म्हणतात आणि विमानाचं अंतर म्हणून जो आकडा सांगतात तो याच्याच लांबीचा.

आकडा काढायच्या दोन पद्धती आहेत.

सोपी: संगणकावर गूगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर उजवं बटण दाबून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि मग न्यूअर्कवर क्लिक करा. तिथे दिसणारी रेघ वाकडी दिसेल, तीच बरोबर आहे.

हातानं, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये: मुंबईचा अक्षांश १९.०९, रेखांश ७२.८७ पूर्व. न्यूअर्कचा ४०.६९ आणि ७४.१७ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांतला फरक म्हणजे बेरीज: १४७.०४ अंश. आता,

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२१३२
२. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, गुणिले १४७.०४ चा कोसाइन: उणे ०.६०१२
३. दोन्हींची बेरीज: उणे ०.३८८०
४. त्याचा आर्ककोसाइन: ११२.८३ अंश, म्हणजे १.९६९२ रेडियन
५. गुणिले पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी: सुमारे १२,५४६ किमी

पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. त्यामुळे एखाद्या संकेतस्थळावर वीस-तीस किलोमीटर जास्त दिसतील. तेवढ्यानं तुमचा हिशेब बिघडत नाही.

सावध, इथल्या चार चुका:

पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायचं राहिलं तर उत्तर २,४०० किमीच्या आसपास येतं. गणित बरोबर असतं, पण तुम्ही न्यूअर्कऐवजी किरगिझस्तानातला एक बिंदू मोजलेला असतो.

स्प्रेडशीटला कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात लागतात. अंश तसेच टाकले तर काहीतरी आकडा येतो आणि तो खराही वाटू शकतो.

अक्षांश अंश-मिनिटांत लिहिलेला असेल, समजा १९ अंश ५ मिनिटं, तर तो १९.०५ नसतो. ५ भागिले ६० करा, १९.०८ येईल.

चौथी चूक एककाची. १२,५४६ किलोमीटर म्हणजे ७,७९६ मैल, आणि म्हणजेच ६,७७४ सागरी मैल. वैमानिक सागरी मैल वापरतात, अमेरिकन संकेतस्थळं बहुधा साधे मैल, आपण किलोमीटर. एक सागरी मैल १.८५२ किमी, साधा मैल १.६०९ किमी. आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय तो कागदावर उतरवूच नका.

तपासा: पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर सुमारे २०,००० किमीपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण अर्धा परीघ तेवढाच आहे. उत्तर त्याहून मोठं आलं तर कुठेतरी चुकलंय.

## टप्पा ३: अंतरावरून उड्डाणाचा अंदाज

बोइंग ७७७ सारखं मोठं विमान वरच्या उंचीवर ताशी सुमारे ९०० किमी वेगानं जातं. म्हणून लोक १२,५४६ भागिले ९०० करतात आणि चौदा तास सांगतात. हा चौदाचा आकडा जाताना कधीच खरा ठरत नाही, कारण तीन गोष्टी धरलेल्या नसतात.

पहिली, प्रत्यक्ष मार्ग बृहद्‌वृत्तापेक्षा लांब असतो. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, वादळं टाळतं, आणि बंद हद्दी वळसा घालून जातं. सध्या हे तिसरं कारण फार मोठं आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि वर दोऱ्यानं दाखवलेला मार्ग तर मुंबईहून निघताच पाकिस्तानवरून जातो. परिणामी वळसा वाढला, आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, म्हणून त्याच दोन शहरांमध्ये भारतीय कंपनीची आणि अमेरिकी कंपनीची वाट वेगळी असू शकते. जून २०२५ मध्ये इराण-इस्राएल संघर्षाच्या दिवसांत आखाती भागातल्या हद्दी काही काळ बंद झाल्या, तेव्हा तर रोजच्या रोज मार्ग बदलत होते. साधा अंदाज म्हणून बृहद्‌वृत्तावर ५ टक्के वाढवा: १३,१७० किमी. वळसा मोठा आहे असं कळलं तर ८ ते १० टक्के.

दुसरी गोष्ट वारा. आपल्या उत्तर गोलार्धात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना ते समोरून लागतात, येताना पाठीवर मिळतात. हिवाळ्यात जोर जास्त. किती फरक पडतो? ९ फेब्रुवारी २०२० ला वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्या उड्डाणाला साडेसहा-सात तास लागतात. रोजच्या हिशेबासाठी जाताना जमिनीवरचा वेग ताशी ८५० आणि येताना ९५० धरा.

तिसरी, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, उतरल्यावर गेटला लागणं. यासाठी ४० मिनिटं.

मग:

- जाताना: १३,१७० भागिले ८५०, म्हणजे साडेपंधरा तास, अधिक ४० मिनिटं: १६ तास १० मिनिटं
- येताना: १३,१७० भागिले ९५०, म्हणजे १३ तास ५० मिनिटांच्या आसपास, अधिक ४० मिनिटं: साधारण साडेचौदा तास

छोट्या अंतराला ही चाळीस मिनिटंच भारी पडतात. मुंबई-दिल्ली जेमतेम १,१४० किमी, ८५० नं भागलं तर एक तास वीस मिनिटं, पण वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास असतात. लांबच्या आणि जवळच्या उड्डाणाला एकच सरासरी वेग लावू नका.

तपासा: हा झाला अंदाज. आता फ्लाइटअवेअर किंवा फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवडाभरात ते खरोखर किती वेळात पोचलं ते बघा. सात दिवसांचे सात आकडे कागदावर लिहा. तुमचा अंदाज त्यांच्या आसपास नसेल तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.

## टप्पा ४: सगळ्या वेळा एकाच घड्याळात आणा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि लोक नेमका हाच गाळतात.

तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ ही त्या त्या गावची वेळ असते. सुटण्याची वेळ मुंबईची, पोचण्याची न्यूअर्कची. दोन वेगळ्या घड्याळांतली वजाबाकी करून काही हाती लागत नाही. आधी दोन्ही यूटीसीत न्या, मग वजा करा.

भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने तेवढाच. न्यूअर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणजे आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. कॅलिफोर्नियाला जात असाल तर साडेतेरा आणि साडेबारा.

आता करून बघू. वेळा समजण्यापुरत्या घेतल्या आहेत.

जाताना, जानेवारीत. मुंबई १४ जानेवारी, ०१:३०. न्यूअर्क १४ जानेवारी, ०७:१०.
मुंबईच्या वेळेतून साडेपाच तास वजा: १३ जानेवारी, २०:०० यूटीसी.
न्यूअर्कच्या वेळेत पाच तास मिळवा: १४ जानेवारी, १२:१० यूटीसी.
फरक १६ तास १० मिनिटं. तिकिटावर नुसतं पाहिलं तर ५ तास ४० मिनिटं वाटतात.

येताना, एप्रिलमध्ये. न्यूअर्क २० एप्रिल, ११:३०. मुंबई २१ एप्रिल, ११:३०.
न्यूअर्क: चार तास मिळवा, कारण आता उन्हाळी वेळ: २० एप्रिल, १५:३० यूटीसी.
मुंबई: साडेपाच वजा: २१ एप्रिल, ०६:०० यूटीसी.
फरक साडेचौदा तास. तिकिटावर अख्खे चोवीस दिसतात.

सावध, घड्याळ बदलण्याचे आठवडे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. २०२६ साठी अमेरिकेच्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, युरोपच्या २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. मधल्या दिवसांत न्यूयॉर्क-लंडन फरक नेहमीचा पाच तासांचा नसतो, चार तासांचा होतो. फ्रँकफर्ट किंवा लंडनमार्गे जाणाऱ्यांनी हे दिवस वेगळे तपासावेत. आखाती देश घड्याळ बदलत नाहीत: दुबई कायम आपल्यामागे दीड तास, दोहा अडीच तास. अमेरिकेतच ॲरिझोनाचा बहुतांश भागही बदलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-मेलबर्नचा उन्हाळा उलटा, ऑक्टोबर ते एप्रिल.

पॅसिफिकवरून जाणाऱ्यांना तारीखरेषा लागते. उन्हाळ्यात तोक्योहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान नऊ तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोचतं तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे १० वाजलेले असतात. यूटीसीची पद्धत वापरली तर वेगळं काही करावं लागत नाही, उत्तर आपोआप बरोबर येतं.

## टप्पा ५: मध्यरात्रीच्या तारखेचा सापळा

यासाठी वेगळा टप्पा ठेवला आहे, कारण आमच्याच घरात हे घडलंय.

आत्याचं विमान ‘१४ तारीख, ००:४०’ चं होतं. घरात सगळ्यांनी कॅलेंडरवर १४ ला गोल केला. चौदाला दुपारी ओवाळून, दह्याची कवडी हातावर घेऊन ती निघाली. रात्री साडेनऊला टर्मिनल दोनच्या दारात जवानानं प्लॅस्टिकच्या पिशवीतला तिकिटाचा कागद हातात घेतला, तारखेवर अंगठा ठेवला, आपल्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, हे विमान काल रात्रीच गेलं.” ट्रॉलीवर बेसनाच्या लाडवांचे सुतळीनं बांधलेले डबे होते. आत्या त्या डब्यांवर हात ठेवून किती तरी वेळ उभी होती. नवीन तिकीट तर काढावं लागलंच, वर परतीचंही गेलं.

मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून हा सापळा आपल्याला जास्त लागतो. नियम साधा ठेवा: सुटण्याची वेळ ००:०० ते ०५:०० च्या मध्ये असेल तर घर सोडायची तारीख आदल्या दिवसाची. कॅलेंडरवर गोल करायचा तो विमानाच्या तारखेला नाही, घर सोडायच्या तारखेला. आणि शब्दांत लिहा: “मंगळवारी दुपारी घरातून निघायचं, मंगळवारची रात्र उलटून बुधवार लागला की विमान.”

पोचण्याच्या वेळेशेजारी अधिक एक असं छापलेलं असेल तर पोचणं दुसऱ्या दिवशी. घ्यायला येणाऱ्यांना तारीख आणि वार तिथला कळवा.

सावध: पहिल्या उड्डाणाला हजर राहिला नाहीत तर त्याच तिकिटावरची पुढची आणि परतीची उड्डाणंही सहसा रद्द होतात. उशीर होतोय असं दिसलं की विमान सुटण्याआधीच कंपनीला कळवा, नंतर नाही.

## टप्पा ६: थांबा असेल तर

आधी एक शब्द नीट समजून घ्या. ‘नॉनस्टॉप’ म्हणजे मध्ये कुठेही न उतरता. ‘डायरेक्ट’ म्हणजे विमानाचा क्रमांक एकच, पण ते मध्ये उतरू शकतं. आपण दोन्हींना ‘थेट’ म्हणतो आणि फसतो. तिकीट काढताना “मध्ये किती वेळा उतरतं?” असाच प्रश्न विचारा.

थांबा घेतला की अंतर फार वाढतं असा समज आहे. मोजून बघितलं की तो टिकत नाही:

- मुंबई-दुबई १,९२६ किमी, दुबई-न्यूअर्क ११,०२१ किमी. एकूण १२,९४७. थेटपेक्षा फक्त ४०० किमी जास्त.
- फ्रँकफर्टमार्गे ६,५६९ अधिक ६,२११. एकूण १२,७८०.
- सिंगापूरमार्गे ३,९२१ अधिक १५,३३५. एकूण १९,२५६, म्हणजे दीडपटीहून अधिक.

सिंगापूरचं तिकीट एखाद्या दिवशी स्वस्त दिसतं. सत्तरीच्या माणसाला ते देऊ नका. सिंगापूर-न्यूयॉर्क हे जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी आहे, एका बैठकीत अठरा तासांहून जास्त.

दुबई-फ्रँकफर्टसारख्या थांब्यात वेळ जातो तो किलोमीटरमध्ये नव्हे, थांबण्यात. थांब्याचा वेळ काढायला यूटीसी लागत नाही, कारण दोन्ही वेळा एकाच गावच्या: पोचणं ०६:१५, सुटणं ०९:१५, तर तीन तास. पण त्यातून विमानातून बाहेर पडणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, टर्मिनल बदलणं आणि गेट लवकर बंद होणं हे वजा करा. तीन तासांचे हातात दीडच उरतात. वयस्कर माणसं, व्हीलचेअर किंवा लहान मूल असेल तर तीन तासांच्या आतला थांबा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिकीट चार-पाच हजारांनी स्वस्त मिळत असलं तरीही.

तपासा:
- दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर आहेत का? वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्याची जबाबदारी तुमचीच.
- सामान थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाणार का? मुंबईच्या काउंटरवर सामानाच्या पट्टीवरचा शेवटचा कोड स्वतः वाचा.
- अमेरिकेत शिरताना पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि बहुतेक वेळा सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. शिकागोला उतरून पुढे ह्यूस्टनला जाणार असाल तर शिकागोत हे सगळं धरून वेळ ठेवा. अबुधाबीहून जाणाऱ्यांची अमेरिकी तपासणी अबुधाबीतच होते, म्हणून तिथल्या थांब्यात जादा वेळ लागतो.
- मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का? हे नियम बदलत राहतात. मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याला विचारू नका, त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा.

## टप्पा ७: घर ते घर

आता शेवटचा आकडा. उलटीकडून, म्हणजे विमानापासून मागे मोजत या. सातारा ते एडिसन घेऊ, वरचंच जानेवारीतलं ०१:३० चं विमान.

विमान ०१:३०. काउंटर सुमारे तासभर आधी बंद होतात, काही कंपन्यांचे अमेरिकेच्या उड्डाणांसाठी आणखी लवकर. टर्मिनल दोनला रात्री साडेनऊ ते दहापर्यंत पोचायचं. साताऱ्याहून सुमारे २६० किमी, सहा तास धरा. घाटातली कोंडी, जेवण आणि एखादं पंक्चर यासाठी दीड तास वेगळा. म्हणजे १३ तारखेला दुपारी २ वाजता घर सोडायचं.

पलीकडे ०७:१० ला गेट. इमिग्रेशनची रांग आणि सामान मिळून दोन तास धरले तर नऊ वाजता बाहेर. सकाळच्या गर्दीत एडिसनला तासाभरात. दहा वाजता घरी. ही तिथली वेळ, आपल्याकडे तेव्हा १४ तारखेचे रात्रीचे साडेआठ.

दुपारी २ पासून दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठ: साडेतीस तास. उड्डाण सोळा तासांचं, प्रवास त्याच्या जवळपास दुप्पट. दुबईमार्गे गेलात तर आणखी चार-पाच तास.

सावध, मुंबईत टर्मिनल बदलणाऱ्यांसाठी. नागपूर किंवा नांदेडहून देशांतर्गत विमानानं येऊन पुढे जाणार असाल तर ते विमान कुठल्या टर्मिनलला उतरतं ते बघा. टर्मिनल एकवरून दोनला रस्त्यानं जावं लागतं, आणि संध्याकाळी तो छोटा रस्ताही छोटा राहत नाही.

## टप्पा ८: औषधं तासांवर लावा, घड्याळावर नको

एवढा हिशेब कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी औषधांच्या डबीकडे बोट दाखवीन. रक्तदाबाची गोळी सकाळी आठला, इन्शुलिन जेवणाआधी, असं आपण घड्याळाला बांधून घेतलेलं असतं. विमानात घड्याळ साडेदहा तास मागे सरकतं आणि जाणारा दिवस साडेचौतीस तासांचा होतो. येताना उलट. मनगटावरचं घड्याळ बघून गोळी घेतली तर एक डोस खूप उशिरा पडतो किंवा दोन डोस जवळजवळ येतात.

निघण्याच्या दोन आठवडे आधी हाच कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना सांगा: घर सोडल्यापासून इतक्या तासांनी विमान, इतक्या तासांनी पहिलं जेवण, इतक्या तासांनी घर. ते डोस तासांप्रमाणे लिहून देतील. इन्शुलिन हातातल्या पिशवीतच, मूळ खोक्यात आणि चिठ्ठीसकट. खालच्या सामानात ते गोठू शकतं. चार तासांहून लांब बसून राहिलं की पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठायचं, हेही त्याच कागदावर वेळ घालून लिहा.

प्रवासात एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. मोबाइल आपोआप बदलतो, म्हणून साधं मनगटी घड्याळ बरं. औषधं त्याच्यावर, विमानं आणि गेट मोबाइलवर.

## टप्पा ९: निघण्याच्या आदल्या दिवशी

वेळापत्रक पुन्हा बघा. तिकीट सहा महिन्यांपूर्वी काढलेलं असतं, मधे वेळ बदललेली असते, आणि कळवणारा ईमेल मुलाच्या खात्यावर गेलेला असतो. हवाई हद्दीची बातमी बघा. वेळ पंधरा मिनिटांनी जरी सरकली असेल तरी टप्पा ४ पासून पुन्हा लिहा, खाडाखोड करत बसू नका. आधीचा कागद फाडून टाका, म्हणजे घरात दोन वेगवेगळे आकडे राहणार नाहीत.

नव्या कागदाच्या तीन प्रती: एक प्रवास करणाऱ्याच्या पासपोर्टसोबत, एक इथे घरी फ्रिजच्या दारावर, एका प्रतीचा फोटो तिकडे. तिन्हींवर वर ठळक अक्षरांत चारच ओळी: घर सोडायचा वार आणि वेळ. विमानाची तारीख आणि वेळ, मुंबईची. पोचण्याची तारीख आणि वेळ, तिथली. पोचल्यावर इथे किती वाजलेले असतील ते. ही चौथी ओळ फ्रिजवरच्या प्रतीसाठी. फोन कधी येईल ते घरच्यांना तिच्यावरून कळतं.